पायथ्याचं पाणी

काटोल रोडनं बाविसाव्या किलोमीटरला
डावीकडे वळलं की हरणं दिसतात,
सिमेंटची, एकाचं शिंग मोडलेलं.
मागे तळं. तीन पायडल बोटी, बदकाच्या तोंडाच्या.
आणि तळ्याला अडवून धरणारी
दोनशे दहा फूट माती.

मालकांना कागद हवा होता.
"मॅडम, तीस वर्षं होतात तुम्ही पाटबंधाऱ्यात,
दोन ओळी लिहून द्या, विमावाला मागतो.
अठराला लग्न आहे. सहाशे पान."

मी माथ्यावरून चालत गेले.
माथ्यावर आता फरशी, दिव्यांचे खांब,
सावलीसाठी नऊ गुलमोहर.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं
मुळं कुठवर नेणार म्हणून.
सहाव्या झाडापाशी फरशी बोटभर खचलेली.
तिथं कुंडी ठेवली होती.

सांडव्याला नायलॉनची जाळी, रोहू पळू नयेत म्हणून,
जाळीत शेवाळ, थर्माकोलच्या वाट्या,
एका लहान मुलाची चप्पल.

मग उतरले मागच्या बाजूला,
जिथं पाहुणे येत नाहीत.
तिथं फागू वलके राहतो, टिनाच्या खोलीत,
आणि बेशरमाचं रान दिवाळी होऊन गेली तरी हिरवंगार.
बांधाच्या पायथ्याची हिरवळ पाहून
माझ्या पोटात गोळा येतो. नोकरीनं लावलेली सवय.

"पाझर त पयलेपासून हाये जी," फागू म्हणाला.
"पाझराचं काई नाई."
बरोबरच होतं त्याचं.
न पाझरणारी माती मी अजून पाहिलेली नाही.
पाणी एकटं येतंय
की येताना कुणाला सोबत घेऊन,
एवढंच पाहायचं असतं.

त्यानं खिडकीकडे बोट केलं.
पाहुण्यांनी टाकलेल्या पांढऱ्या काचेच्या बाटल्या,
लेबलं खरवडून काढलेली, ओळीनं तेरा.
मारबत निघाली त्या आठवड्यापासून
दर सोमवारचं पाणी, एकेका बाटलीत.
पहिल्या चार लख्ख.
पाचवीच्या बुडाशी काजळाची रेघ.
आठवीत नखभर.
तेराव्या बाटलीत बोटाचं पेर भरेल इतकी माती,
काळी, मऊ, चाळल्यासारखी.
वरचा मुरूम नव्हता तो.
गाभ्यातलीच होती ती.

"लिवता येत नाई मले," फागू म्हणाला,
"म्हून असं ठेवलं."

माझ्या हातात अर्ध्या विदर्भाची रजिस्टरं येऊन गेली.
कित्येकांत एकाच शाईनं, एकाच बैठकीत
भरलेलं अख्खं वर्ष असायचं.

बांधाखाली नाला. नाल्याकाठी अकरा घरं
आणि एका खोलीची अंगणवाडी.
भिंतीवर फुलपाखरं काढलेली, मुलांच्या उंचीवर.

मी लिहिलं: पाणी सहा फूट उतरवा. आजपासून.
मालक हसले.
"बोटी चिखलात बसतील, मॅडम. अठरा झाली की बघू."
कागदाची घडी मेनूकार्डांच्या गठ्ठ्याखाली गेली.
मी तहसीलला प्रत दिली, विभागाला दिली.
पोचपावत्या व्यवस्थित आल्या.

आठवड्याभरानं, रात्री, मालकांचा फोन.
अकरा घरांनी संत्र्याच्या बागांतले पाइप उपसून आणले होते,
चौदा पाइप माथ्यावरून टाकून
तळ्याचं पाणी नाल्यात सोडलं होतं,
मोटर नाही, वीज नाही, तीन रात्री.
बदकं तिरपी झाली होती चिखलात.
"हे सायफन-बियफन कुणी शिकवलं या लोकांना?"
मी म्हटलं, मी.
वहीच्या पानावर आकृती काढून दिली होती,
अंगणवाडीच्या बाईंकडे.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मागे मंडपाचे बांबू ठोकल्याचा आवाज येत होता.

आज संत्र्याच्या टेम्पोतून चौदावी बाटली आली,
फडक्यात गुंडाळलेली.
रस्त्यानं हिंदकळून सगळी ढवळली आहे,
काहीच दिसत नाही.
ओट्यावर ठेवली आहे, खिडकीशी.
घरात सांगून ठेवलंय, कुणी हात लावू नका.
बसायला एक रात्र लागते मातीला.