बत्तीस विटा

वाल्पराइसोच्या टेकडीवर
पन्हाळी पत्र्याचं एक तीन मजली घर आहे,
समुद्राकडे जरा कललेलं.

पूर्वी अशा घरात डॉन एलेउतेरिओ
जिन्याच्या तोंडाशी ओळंबा सोडायचे,
दोऱ्याचा झोका थांबेस्तोवर सिगारेट ओढायचे
आणि म्हणायचे, "चार बोटं."
तीच चार बोटं मी ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे.
चुकलं की ब्लेडनं शाई खरवडायची.
तर्जनीवर त्याचा वण अजून आहे,
थंडीत तेवढाच पांढरा पडतो.

यंदा आम्ही तिपाईवर यंत्र मांडलं.
ते स्वतःभोवतीच एक प्रदक्षिणा घालून
चार मिनिटांत
चौदा कोटी बिंदू गिळून गप्प झालं.

ऑफिसात स्क्रीनवर घर तरंगतं,
जोत्याशिवाय, वजनाशिवाय.
उलटं केलं तरी एक कपबशी फुटत नाही.
डॉन एलेउतेरिओ चष्म्यावरून बघत राहिले.
"ह्याला धरायचं कुठं?" एवढंच विचारलं.
कल निघाला त्र्याऐंशी मिलिमीटर.
त्यांनी आपली जाड बोटं टेबलावर आडवी ठेवली,
काही बोलले नाहीत.

यंत्राला हलतं माणूस दिसत नाही,
त्याची नुसती वाट दिसते.
कपडे वाळत घालणाऱ्या मिर्थाबाई
गच्चीभर एक फिकट ओरखडा.
कुत्र्याला सात पाय, तोंड नाही.
पडदा म्हणजे धूर.
हे सगळं पुसायचं, हे माझं काम.
कामाच्या यादीत त्याला 'कचरा' म्हणतात.

मग रिकाम्या घरात माणसं घालायची, विकतची.
उंच, सडपातळ, हातात कॉफी,
कुठंतरी निघालेली, पोचत मात्र कधीच नाहीत.
यातली लाल स्कार्फवाली बाई
मी आजवर अकरा इमारतींतून चालवलीय.
मालकाला धुकं नको होतं,
म्हणून टेकडीवरचं धुकं काढलं
आणि कायमची संध्याकाळ लावली.
वायरींची जाळी काढली. गंज काढला.
चित्र बघून मिर्थाबाई म्हणाल्या,
"छान आहे. कुठल्या गावचं?"

पण त्या चार मिनिटांत
एक माणूस अजिबात हलला नव्हता.
दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी,
एर्मोहेनेस म्हातारा खुर्चीत झोपला होता.
यंत्रानं त्याला घरात धरलं.
संगणकानं त्याला भिंतीचा रंग दिला.
डोळ्यांत तेल घालून साफसफाई करणारी मी,
मला तो फुगवटा दिसलाच नाही.
नकाशा छापला गेला, शिक्का बसला.

गवंडी व्लादिमीरनं फोन केला नाही.
नकाशात आहे म्हणजे असणार, त्याला वाटलं.
बैठकीइतकी उंची,
मागं पाठीसारखी गोलाई,
आणि पुढं दोन उंचवटे, ते कशाला, कळेना.
ते त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर गाळले.
बाकीचं विटांत बांधलं,
वर गुळगुळीत गिलावा केला,
कडा अंगठ्यानं मोडल्या.

मी पाहणीला गेले तेव्हा
तिथं म्हातारा बसला होता.
लॅपटॉप जिन्यावरच उघडला,
फुगवटा मोठा करत नेला, आणखी मोठा,
तेव्हा बिंदूंतून हळूहळू
टोपीची कड आली, ओघळलेला हात,
एका बुटाची सुटलेली नाडी.
गाळलेले दोन उंचवटे म्हणजे गुडघे.

"पाठीला नेमकं बसतंय," तो म्हणाला.
"माप कुणी घेतलं?"
"तुम्हीच दिलंत," मी म्हटलं. "झोपेत."
यावर तो इतका हसला
की खोकल्याची उबळ आली,
व्लादिमीरनं बादलीतलंच पाणी पुढं केलं.

फाइलमधून मी त्याला अजून पुसलेलं नाही.
हिशेब मात्र उद्या द्यायचाय.
विटा बत्तीस जादा.
कारणाच्या रकान्यात
एवढीशी जागा असते.