बिनचमकीचं

वाजिदनं काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या.
एक निळी. उलटी केली
की आतला बुडबुडा आळसावून वर येतो.
दुसरी पांढरी, पाणी घालून वाढवलेल्या दुधासारखी.
"निळी न्या ताई, आठ दिवस आरशावानी चकाकते."
म्हटलं, आरसे तीन आहेत व्हॅनला,
तिन्हीत मागचंच दिसतं.

गेल्या वर्षी निळीच नेली होती.
एप्रिल होता, औसा रोडचं डांबर चपलेला धरत होतं.
डॅशबोर्ड पांढुरका पडलेला.
त्याच्या अंगातलं मऊपण ऊन रोज थोडं उडवायचं
आणि काचेला आतून बसवायचं,
चिकट धुकं, फडक्यानं नुसतं फिसकटणारं.
म्हणून ओतली सढळ हातानं,
डॅशबोर्डला, दारांना,
आणि उरली म्हणून सीटांनाही.
फोडणीला तेल घालताना मी एवढी सढळ नसते.

सकाळी सहाच्या बॅचला लेकरं म्हणाली,
मावशी, नवी गाडी!
बार्शी रोडच्या वळणावर ऊन समोर आलं
आणि अख्खा डॅशबोर्ड काचेत उभा राहिला,
रस्त्यावर आडवा, वर उलटा गणपती.
त्या चकाकीतून एक म्हैस निघाली.
ब्रेक लागला, म्हैस वाचली.
मागं अकरा लेकरं
ओल्या साबणाच्या वड्यांसारखी घसरली.
दहा हसली.
गंगाखेडची प्रणोती गुट्टे हसली नाही,
तिची हनुवटी माझ्या सीटच्या दांडीवर आली होती.
तीन टाके.
तिचे वडील फोनवर म्हणाले, असू द्या, होतं असं.
त्या सोमवारपासून ती रिक्षानं जायला लागली.

"पांढरी दे," म्हटलं.
वाजिद म्हणाला, "हिची चमक येत नाही बरं का."
"म्हणूनच."

आज रविवार. व्हॅन लिंबाखाली लावली.
तापलेल्या व्हायनलला काही लावू नये,
तासभर दारं उघडी टाकून नुसती बसले.
मग धूळ. एसीच्या जाळीत
जुन्या दाढीच्या ब्रशनं,
खडू, चुरमुरे, एक तुटलेलं क्लिप.
मग साबणाचं पाणी, अगदी फिकं.
मग कोरडं फडकं, मग पुन्हा कोरडं फडकं.
पांढरं थेट डॅशबोर्डवर नाही,
स्पंजवर, चार थेंब,
आणि गोल नाही, आडवं.
स्टिअरिंगला नाही. पायातल्या पेडलला तर नाहीच.
सीटांना नुसतं साबणपाणी, वर काहीही नाही.
दहा मिनिटं थांबायचं, चहा होतो तेवढ्यात.
नंतर सगळ्यात महत्त्वाचं,
जे निळीच्या वेळी मी केलंच नव्हतं:
व्हायनलनं जे घेतलं नाही
ते पुसून काढायचं.
हात फिरवला तर हाताला काही लागता कामा नये.

ड्रायव्हर सीटची पाठ शेवटी घेतली.
तिथं खाली, दांडीच्या वर,
बॉलपेनच्या रेघा आहेत, पाच-पाचच्या गठ्ठ्यात,
परीक्षेला उरलेले दिवस मोजत होती की झालेले, विचारलं नाही.
एक्केचाळीस.
बेचाळिसाव्या दिवशी ती रिक्षात होती.
सॅनिटायझरनं शाई निघते. व्हायनलही निघतं थोडं.
झाकण उघडलं, वास आला, बंद केलं.
फडकं बोटाला गुंडाळलं
आणि रेघांच्या कडेकडेनं लावत गेले,
चार बोटांची जागा कोरडी सोडून.
तडा गेला तर आधी तिथंच जाईल,
हे मला आता वाजिदपेक्षा जास्त कळतं.

सोमवार, सहाची बॅच.
पुढं बसलेल्या नव्या पोरानं डॅशबोर्डवर तळहात फिरवला,
तळहात बघितला.
"मावशी, यंदा काही लावलंच नाही?"
लावलंय, म्हटलं.
धरून बस.