लेओंतीन आत्याची मालमत्ता

वकिलाने वाचून दाखवलं:
शिवणयंत्र धाकट्या बहिणीला, चिनीमातीची भांडी चर्चला,
आणि फिर्मँला, म्हणजे मला,
कुत्रा.

चार किलो भरला.
काथ्यासारखे राठ, तांबूस केस,
नाक चढत चढत डोळ्यांच्या मधोमध जाऊन बसलेलं,
खालचा जबडा पुढे, आणि त्यावर दाढी,
पेन्शनीच्या रांगेत नंबर हुकलेल्या म्हाताऱ्याची.
नाव कास्तार. आमच्या गल्लीच्या बोलीत
पैलवान.

पहिल्या रात्री तो दारापाशी बसून राहिला.
दुसऱ्या रात्री माझ्या उशीवर.
तिसऱ्या दिवसापासून मी न्हाणीघरात गेलो तरी
बाहेर उसासे,
जणू मी युद्धावर निघालोय.
आवाज चढवला तर दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही.
फोनवर कुणाशी हसलो
की माझा एक मोजा त्याच्या पाण्याच्या वाटीत.
जिन्यातल्या अल्सेशियनवर मात्र असा धावून जातो
की ते धूड भिंतीला चिकटतं.

आत्या सांगायची, मी घड्याळाकडे बघायचो:
यांचे पूर्वज तबेल्यातले,
ब्रसेल्सच्या घोडागाडीवाल्यांनी उंदरांसाठी पाळलेले,
गवताच्या भाऱ्यांत जन्मलेले.
मग कुणी पग मिसळला, कुणी इंग्रजी स्पॅनियल,
नाक बसत गेलं, डोळे वाढत गेले,
आणि एके दिवशी राणीने उचलून मांडीवर घेतला.
एवढी बढती
आमच्या घराण्यात कुणाला मिळाली नाही.
मग दोन युद्धं.
माणसांना पाव मिळेना, तिथे यांना कोण पोसणार?
इथे औषधालाही उरला नव्हता म्हणे.
समुद्रापलीकडे नांदायला गेलेल्यांची नातवंडं
मग माहेरी आली.

कपाटात त्याचं वंशपत्र सापडलं,
सोनेरी शिक्का, आजे-पणजे, सगळे नावानिशी.
त्याखाली एक फोटो:
माझे पणजोबा ओक्ताव, गाडीच्या उंच बैठकीवर,
चाबूक आडवा मांडीवर,
शेजारी काथ्याचं एक बोचकं, बिनकागदाचं.
दोघांची दाढी एक.
दोघांचा खालचा ओठ जगावर तितकाच नाराज.
मागे आत्याच्या अक्षरात:
‘डावीकडचे आपले.’
फोटो उलटसुलट धरून पाहिला. डावी कुणाची,
बघणाऱ्याची की त्यांची?

या शहराखालून एक नदी जाते, झेन.
घाण वास मारते म्हणून पणजोबांच्या वेळी
दगडी कमानी घालून झाकली, वर रस्ता केला.
तिच्याच नावावरून इथे गावठी कुत्र्याला झिनेके म्हणतात,
आणि कुठून आला, कुणाचा कोण
हे ठाऊक नसलेल्या माणसालाही.
म्हणजे मला.

रोज संध्याकाळी बुलेवारवर
एका लोखंडी झाकणापाशी कास्तार थांबतो,
पुढचा एक पाय उचलून, मान तिरकी करून.
ट्राम जाते. फ्राईट खात जाणारी पोरं म्हणतात,
आजोबा, उंदीर असेल.
असेल.
पहिले काही दिवस मी दोरी ओढायचो.
आता सैल सोडतो,
कोटाची कॉलर वर करतो, आणि उभा राहतो.
मला काही ऐकू येत नाही.
त्याला घाई नाही.