कपाटाची किल्ली

सतरा वर्षं ही किल्ली माझ्या करदोट्याला.
तळोद्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो मी.
मायक्रोस्कोप वर्षातून दोनदा निघायचा :
परीक्षेला,
आणि खंडेनवमीला, हळदीकुंकवापुरता.

मग राज्यातल्या एकवीस कॉलेजांनी म्हणे हात धरले.
आमच्या वाट्याला एक फ्रीजर आला,
एक छापील वही, सगळीकडे सारखीच,
आणि दर बुधवारी पडद्यावर
कुडाळ, उमरखेड, अहेरी.

सेकंड इयरची करुणा वसावे धडगावहून रक्त आणते,
थर्मासात, कुल्फीवाल्याकडच्या बर्फात,
एस.टी.त मांडीवर धरून.
नळीमागे रेघांचा कागद लावते.
रेघा दिसल्या तर बरं.
नाही दिसल्या की बोलत नाही काही,
नाव झाकते, आकडा लिहिते.
काचेवर मग इवले विळे,
मुठीवाचून कापणारे.

एका बुधवारी अहेरीची पोरगी म्हणाली,
ताई, एक्केचाळीस नाहीत, अडतीस आहेत.
करुणा फणफणली. तीनदा मोजलंय मी!
सर नुसते हसले, खुर्ची ओढून बसले.
मी मनात म्हटलं, मोज माय, परत मोज.

त्यात लाईट गेली.
मोबाईलच्या उजेडात, एकाच काचेच्या फोटोवर
दोघी मोजत राहिल्या रात्री नवापर्यंत,
मध्ये अख्खा महाराष्ट्र.

एकोणचाळीस.
दोघींचंही चुकलं होतं.
काय हसल्या!

सकाळी किल्ली सोडली,
दाराबाहेर खिळ्याला अडकवली.
हात अजून कंबर चाचपतो.