शून्य सेकंद

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
पंख्याखालच्या तिसऱ्या टेबलावर
मला सापडली चारशे बारा माणसं
एकाच पहाटे जन्मलेली.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, साडेपाच वाजता.

जन्मतारखेचा रकाना रिकामा होता.
कुणीतरी रिकाम्याचं शून्य केलं,
आणि शून्य म्हणजे यंत्राची पहिली मध्यरात्र,
आपल्याकडे साडेपाच.

त्यातली एक समोर बसलेली,
सरस्पती मळीक, राहणार मये.
पेन्शनचा अर्ज तिसऱ्यांदा परत.
शेरा: वय कमी.
दात तीन, पणतू दोन, वय कमी.

"साडेपाचांक?" ती हसली.
"तेन्ना पोदेर येता. हांव न्हय."

मग कधी?

"धालाच्या पांचव्या राती.
आवय मांडार आशिल्ली.
फुगडी मदींच सोडून गेली घरा."
साल?
"बापूय खाणीर लागलो, तें."

खाणीच्या जुन्या मस्टरवर, वाळवीने सोडलेल्या अर्ध्या पानात
बाप सापडला: पंचावन्न.
तिच्या वाड्याचा मांड पौषात नेमका कधी उघडतो
ते भाचीला फोन करून विचारलं.
वेळ ठाऊक नव्हती, मध्यरात्र धरली.
सेकंद आले उणे सत्तेचाळीस कोटी
आणि वर सत्तावीस-अठ्ठावीस लाख.

तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.
ही रेघ कसली?
उणे, म्हटलं.
"म्हणजे हांव उणी?"
नाही हो. मोजणी उशिरा सुरू झाली,
तुम्ही आधीच येऊन बसला होता.

जतन केलं,
आणि तारीख एक दिवस मागे सरकली.
ही चूक माझीच, जुनी, ओळखीची:
इथली मध्यरात्र तिथे पोचेपर्यंत
साडेपाच तास गळतात
आणि माणूस आदल्या दिवसात जाऊन पडतो.
चौथी रात्र.
थांबा जरा, म्हटलं,
तुमची आई अजून नाचते आहे.

ती खरंच थांबली.
पदर सावरून, स्क्रीनकडे बघत,
कुणी घरी जायला निघेल म्हणून.

दोन ओळी बदलल्या. पाचवी रात्र झाली.
शिक्का मारून घेऊन ती मयेच्या बसला गेली.

हल्ली साडेपाचाला पोदेराचा भोंपू वाजला
की मला जाग येते.
चारशे अकरा माणसं उंबऱ्यावर उभी असतात,
काही तर मेलेलीसुद्धा,
हातात पावाची पिशवी,
आपापल्या रात्रीचं काहीबाही सांगत,
सगळी एकदम.