पिग्मी

चौगुले येतात साडेसहाला,
सुभाषनगरच्या उतारावर गाडी बंद करून,
पेट्रोल वाचवत.
मी मांडीवरचं कातडं बाजूला सारते,
ओले हात पदराला पुसते, पन्नास रुपये देते.
त्यांचं यंत्र कुरकुरतं, जीभ काढतं:
बोटभर पावती.

पन्नासाला किती वेण्या लागतात
ते माझ्या बोटांना विचारा.
तीन बारीक वाद्या, एकीवर एक,
चुकली की उसवून पुन्हा.

सानिका पहिलीत गेली तेव्हा सुरू केलं.
मालक म्हणाले, बारावीला अजून अकरा वर्षं,
एवढ्यात कशाला?
म्हटलं, कातडं आदल्या रात्री भिजवावं लागतं.
सकाळी भिजवून सकाळी वळत नाही.

मधे दोनदा मोडली.
एकदा सासऱ्यांच्या मोतीबिंदूला,
एकदा महापुराच्या साली,
चप्पल लाइनीतल्या दुकानदारानं
बुरशी आलेला माल परत पाठवला तेव्हा.
पतसंस्थेनं दंड कापून घेतला.
चौगुले जमिनीकडं बघत उभे होते.
दुसऱ्या दिवशी साडेसहाला परत आले.

परवा सानिकानं हिशेब घातला.
फी, वसतिगृह, मेस, येण्याजाण्याची एस.टी.
पहिलं वर्ष निघेल म्हणाली,
दुसऱ्याचं निम्मं.
मग?
मग बँकेचा फॉर्म तिनंच आणून ठेवलाय,
देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली.
दहा वर्षांपूर्वी एवढ्यात सगळं भागलं असतं.
ती ओरडली नाही, मीही नाही.
कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मोजल्या.

रात्री बिस्किटाचा डबा उघडला,
तर जुन्या पावत्या सगळ्या कोऱ्या.
आकडा नाही, तारीख नाही.
पोटात गोळाच आला.
चौगुले म्हणाले, घाबरू नका वैनी,
पुस्तकात सगळं हाय,
ह्यो कागदच तसला असतोय.
पुस्तकात आहे. कळतं मला.
पण एवढे साडेसहा वाजले,
त्यांचा डागसुद्धा राहू नये?

आता सानिका त्याच पावत्यांवर गणितं सोडवते,
पाठपोट.
सकाळी केर काढताना सापडतात,
एक्स, कंस, खोडलेलं उत्तर,
खाली परत पहिल्यापासून.
एक कागद पुरला नाही की
दुसरा त्याला टाचणीनं जोडलेला.

काल चौगुल्यांना म्हटलं,
साठ लिहा.