निसरड्याची शिकवणी

फेब्रुवारीत, पेनरिथच्या बाहेर,
ऑल्स्टनकडे चढणाऱ्या रस्त्यावर
गाडीने माझं ऐकणं सोडलं.
फार काही झालं नाही.
गडग्याचे चार धोंडे खाली आले,
एका मेंढीने रवंथ थांबवून पाहिलं,
आणि दिवे जळत राहिले
आल्या वाटेकडे तोंड करून.

मागच्या सीटवरची सुईणीची बॅग
माझ्या आधी पुढे पोचली होती.
मीही पोचले. बाळ झालं, मुलगा, साडेतीन किलो.
हात मात्र पुढे आठवडाभर
त्या स्टिअरिंगवरच राहून गेले.

मग बसले शिकवणी शोधायला.
विद्याधर म्हणाला, ही घे की:
तीन लाल गाड्या, एक काळी,
हेल्मेटमधला फोटो फ्रेमसकट.
शमिका म्हणाली, आई, इथे स्टॉपवॉच लावतात,
प्रत्येक फेरीचा हिशेब हातात देतात.
मी पन्नाशीची. कुणाला हरवायचंय मला?
माझी शर्यत कळांशी,
आणि तिथे पहिलं येऊन
नुसतं थांबायचं असतं.

तिसऱ्या कागदावर फोटोच नव्हता.
जुनी धावपट्टी. ओलं काँक्रीट. स्वतःची गाडी आणा.
डबा आणा. जादा मोजे आणा.
त्या मोज्यांवर माझा विश्वास बसला.

मॉरा थ्वेट, सदुसष्ट वर्षांची,
एके काळी पोलिसांत, आता एक गुडघा कुरकुरता.
पहिला तास तिने गाडी सुरूच करू दिली नाही.
खडूने जमिनीवर टायरचा ठसा काढला:
एवढाच. तळहाताएवढा.
असल्या चार तळहातांवर तू, तुझी बॅग, दीड टन लोखंड.
आणि टायरला पगार एकच असतो, बरं का.
सगळा ब्रेकवर उडवलास
तर वळणाच्या हातावर काय ठेवशील?

मला सांगलीचे घोरपडे मास्तर आठवले,
मोटार ट्रेनिंगवाले.
त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता
आणि तोंडात दुसरा.
म्हैस आली, ब्रेक. वरात आली, ब्रेक.
शिंक आली तरी ब्रेक.
पंचवीस वर्षं तेच औषध घेत आले मी,
दुखणं कुठलंही असो.

पाणी सोडलं. मॉरा म्हणाली, चल, घसर.
मुद्दाम?
मुद्दाम.
मुद्दाम काही बिघडवण्यासाठी
मी जन्मात कधी पैसे भरले नव्हते.

पहिल्यांदा डोळे मिटले. दुसऱ्यांदा ब्रेक.
तिसऱ्यांदा घोरपडे मास्तरांचं नाव घेतलं.
तिन्ही वेळा गाडी गरगर,
वॉशिंग मशीनमधल्या एकट्या टॉवेलासारखी.
सातव्यांदा की आठव्यांदा, नक्की आठवत नाही,
मागची बाजू निघाली
आणि डोक्याआधी ते कमरेला कळलं,
आतल्या आत बाळ वळताना
हातांना कळतं, तसं.
तिथे ओढत नाही आम्ही.
ते निघालंय तिकडे थोडं सोबत जातो,
मग हलकेच सांगतो, आता इकडे.

पाय उचलला.
चाकं तिकडेच वळवली, जिकडे ती निघाली होती.
बाईसाहेब सरळ झाल्या.
"हं," मॉरा म्हणाली, सँडविच चावत.
तेवढंच काय ते प्रमाणपत्र.
मोजे मात्र खरंच लागले;
काँक्रीटवरचं पाणी बुटात कसं शिरतं
ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

परतताना मुद्दाम त्या वाटेने आले.
धोंडे अजून तसेच पडलेले, वर शेवाळ धरू लागलेलं.
वळणाच्या बऱ्याच अलीकडे मी हळू झाले होते,
पगार शिल्लक ठेवून.
मेंढ्यांनी या खेपेला मान वर केली नाही.

घरी चहाचं आधण ठेवत विद्याधरने विचारलं,
मग, किती स्पीड मारलास?
पस्तीस, म्हटलं.
पस्तीसच?
हो. पण आडवी.